रात्रपाळीची वही

१५ नोव्हेंबर २०२३, भाऊबीज, हिंगोली

दादानं ओवाळणीत साडीचे पैसे टाकले आणि वर प्लगात बसणारं एक वॉटमीटर. "दुकानाचं बिल एवढं कसं येतं म्हणून दर महिन्याला माझं डोकं खातीस ना, आता एकेक मशीन याच्यावर लावून बघ." ओवाळणीत असली वस्तू घालणारा भाऊ जिल्ह्यात दुसरा नसेल.

ही वही मात्र वॉटमीटरमुळं नाही, भाच्यामुळं सुरू होतेय. अक्काचा मुलगा पुण्याहून आलाय, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. जेवणं झाल्यावर त्यानं लॅपटॉप उघडला. म्हणे आपण टायपिंग करतो, बिलं काढतो, तेव्हा मशीनचा प्रोसेसर बहुतेक वेळ नुसता बसून असतो. ती रिकामी ताकद शास्त्रज्ञांना द्यायची. बॉइंक नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर टाकायचं. ते सर्व्हरकडून गणिताचा एक तुकडा आणतं, आपल्या मशीनवर सोडवतं आणि उत्तर परत पाठवतं.

"हे तर मी २००० सालात केलंय," दादा म्हणाला. कुणाचा विश्वास बसेना. नांदेडला त्याचं सायबर कॅफे होतं तेव्हा चार मशिनींवर त्यानं सेटी ॲट होम लावलं होतं. १९९९ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठाच्या लोकांनी ते सुरू केलं होतं: अरेसिबोच्या दुर्बिणीनं टिपलेल्या रेडिओ लहरींत कुणी परग्रहावरून बोलतंय का ते शोधायचं. एक पुडकं साडेतीनशे केबीचं. डायलअपवर ते उतरायला काही मिनिटं लागायची आणि सोडवायला दीड-दीड दिवस. गिऱ्हाईक नसलं की स्क्रीनवर रंगीत दांड्यांचा डोंगर नाचायचा, आणि रस्त्यानं जाणारी पोरं तो बघायला थांबायची. भाच्यानं सांगितलं, "मामा, ते बंद झालं. ३१ मार्च २०२० नंतर त्यांनी नवीन काम देणं थांबवलं." दादा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "कुणी सापडलं नाही ना?" नाही सापडलं.

कोणतं काम घ्यायचं यावर चहा होईपर्यंत वाद. भाच्याला फोल्डिंग ॲट होम पाहिजे होतं, कारण २०२० मध्ये कोरोनाच्या प्रथिनांसाठी लाखो लोकांनी तेच लावलं होतं. अक्काला कॅन्सरचं काम हवं होतं. आई कशानं गेली ते सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळं त्यावर वाद झालाच नाही. तिच्या लॅपटॉपवर वर्ल्ड कम्युनिटी ग्रिडचं मॅपिंग कॅन्सर मार्कर्स. बाकी सगळ्यांनी आइन्स्टाइन ॲट होम.

ते का, तर औंढ्यामुळं. आपल्याच जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यात लायगो-इंडिया हे गुरुत्वीय लहरी टिपणारं यंत्र होणार आहे. एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं २,६०० कोटींना मंजुरी दिली, तेव्हापासून दुकानात येणारा प्रत्येक जण "ते लहरीवालं" म्हणून काही ना काही सांगतो. जमिनीचे भाव सगळ्यांना पाठ. लहरी म्हणजे काय ते कुणाला येत नाही, मलाही नाही. आइन्स्टाइन ॲट होम हे त्याच लहरींच्या शोधासाठी २००५ मध्ये सुरू झालेलं काम आहे. म्हणलं, यंत्र यायला अजून काही वर्षं आहेत, तोपर्यंत आपण लांबच्या यंत्रांचा हिशेब तरी करू.

१८ नोव्हेंबर

दुकानातल्या मोठ्या मशीनवर बॉइंक टाकलं. आय-फाइव्ह प्रोसेसर, चार कोअर (म्हणजे एका वेळी चार कामं करणारे चार भाग), दहा वर्षांचं. पत्रिका, बिलबुकं, वाढदिवसाचे बॅनर सगळं यावरच निघतं. टीम उघडली, टीमला आमच्या गल्लीचं नाव दिलं. सभासद चार: मी, दादा, भाचा, अक्का. (अक्काची टीम खरं तर वेगळ्या प्रकल्पावर, पण नाव तेच.)

ठरवलं ते असं: दुकान दिवसा माझं, रात्री विज्ञानाचं. नऊला शटर ओढायचं, मशीन चालू ठेवायचं, सकाळी सातला बंद. म्हणून वहीवर "रात्रपाळी" लिहिलं.

पहिलं काम आलं ते गॅमा किरणांतल्या पल्सारचं. लहरींचं नाहीच! भाच्याला फोन केला. तो म्हणाला, मावशी, एकाच छपराखाली तीन दुकानं आहेत: लायगोच्या लहरी, फर्मी उपग्रहानं टिपलेले गॅमा किरण आणि रेडिओ दुर्बिणींची माहिती. शोधायचं मात्र एकच, न्यूट्रॉन तारे, म्हणजे मेलेल्या ताऱ्यांचे उरलेले गोळे; पल्सार त्यातलेच. तुझ्या मशीनला ग्राफिक्स कार्ड नाही म्हणून तुला गॅमाचं आलं. ठीक. आपण डीटीपीवाले, बॅनर म्हणून सांगतात आणि पत्रिका घेऊन येतात, आपल्याला सवय आहे.

२० नोव्हेंबर

एक काम साधारण सात तास घेतंय. चार कोअरवर चार चालतात. दोन रात्रींत आठ पूर्ण झाली, पण केलेल्या कामाचे गुण शून्य. सगळ्यांपुढं "पेंडिंग".

कारण कळलं आणि मला ते फार आवडलं. प्रत्येक काम दोन वेगवेगळ्या घरांतल्या मशिनींना देतात. दोघांची उत्तरं जुळली तरच ते खरं मानतात. नाही जुळली तर तिसऱ्याला. कुणाचं मशीन गरम होऊन चुकतं, कुणाची मेमरी सडलेली असते, एखादा गुणांसाठी लबाडीही करतो. त्यावरचा इलाज हा. प्रूफ दोघांनी स्वतंत्र वाचायचं, ही तर छापखान्यातली जुनी रीत. माझा जोडीदार कोण ते मला माहीत नाही, नुसता मशीनचा नंबर दिसतो. तो अजून सोडवतोय.

२६ नोव्हेंबर

चूक माझी, लिहून ठेवते म्हणजे पुन्हा होणार नाही. दोन कामं ८९.९ टक्क्यांवर अडकली. अर्धा तास आकडा हलेना. हँग झालं समजून दोन्ही रद्द केली. भाचा फोनवर ओरडलाच. हँग नव्हतं. नव्वद टक्क्यांपर्यंत मशीन ढोबळ चाळणी लावतं, मग त्यातले सगळ्यांत बरे निघालेले उमेदवार बाजूला काढून अधिक बारकाईनं परत मोजतं. त्या वेळात आकडा थांबलेला दिसतो. म्हणजे तेरा-चौदा तासांचं काम मी ऐन निकालाच्या तोंडावर फेकून दिलं.

३ डिसेंबर

दादाचं वॉटमीटर आज बाहेर काढलं. आणि रात्रपाळीचा निकाल लागला.

मॉनिटर सोडून मोजलं. मशीन चालू पण नुसतं बसलेलं: ३८ वॉट. चारही कोअर कामाला लावले: ९६. दोन कोअर: ६६.

आता बघा. रात्री दुकान बंद असतं तेव्हा मशीन एरवी बंदच असतं. म्हणजे रात्रपाळीत जाणारे ९६ च्या ९६ वॉट नवीन खर्च आहेत. दहा तासांचं जवळपास एक युनिट, महिन्याला २९. यात "रिकामी ताकद" कुठली? मी रिकामं पडलेलं काही देत नव्हते, झोपलेल्या गड्याला उठवून कामाला लावत होते.

दिवसा मात्र मशीन चालूच असतं. मी "चि. सौ. कां." टाइप करत असते तेव्हा ३८ वॉट जातातच. त्यावर दोन कोअर दिले तर जास्तीचे फक्त २८ वॉट. अकरा तासांचं पाव युनिटाहून थोडं जास्त. हिशेब मांडला: रात्री एका युनिटमागे ४२ कोअर-तास मिळतात, दिवसा ७१. उरलेले दोन कोअर कोरलला, म्हणजे डिझाइनच्या सॉफ्टवेअरला, पुरतात. मोठी फ्लेक्सची फाइल असली की कटकट होते, पण तेवढ्यापुरतं पॉझ करता येतं.

दादाला सांगितलं. तो म्हणाला, सायबर कॅफेत हे आपोआप बरोबर चाललं होतं, कारण मशिनी दिवसभर गिऱ्हाइकाची वाट बघत चालूच असायच्या. शिवाय त्या काळच्या मशिनी बसल्या काय नि पळाल्या काय, वीज जवळपास सारखीच खायच्या. आताचे प्रोसेसर काम नसलं की झोपतात. म्हणजे "फुकट पडलेली ताकद" ही गोष्ट २००० साली जेवढी खरी होती तेवढी आता राहिलेली नाही.

उद्यापासून दिवसपाळी. वहीचं नाव बदलत नाही, वर स्टिकर लावलाय.

१० डिसेंबर

कोचिंग क्लासवाले सर पत्रकं छापायला आले होते. मशीनवर काय चाललंय म्हणून विचारलं, मी सांगितलं, ते पेटलेच. त्यांच्याकडं बारा मशिनी. "मॅडम, आजच टाकतो सगळ्यावर." मी थांबवलं. बिल कोण भरतं? जागामालक, भाड्यातच धरलेलं. मग आधी त्यांना विचारा.

हे मी उगाच नाही म्हणलं. बॉइंकच्या नियमांतच आहे की मशीन तुमची असावी, नाहीतर मालकाची परवानगी असावी. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात एका तंत्रनिकेतनाच्या कॉम्प्युटर सांभाळणाऱ्यानं न विचारता कॉलेजच्या मशिनींवर असंच एक गणिताचं सॉफ्टवेअर टाकलं होतं. त्याच्यावर फौजदारी झाली, २००२ मध्ये दंड आणि प्रोबेशनवर सुटला. चांगल्या कामासाठी का असेना, वीज दुसऱ्याची.

सर म्हणाले, मालक आपलेच आहेत. विचारून आले. मालकांनी विचारलं म्हणे, "कामून? त्यात त्याहीचा काय फायदा?" सरांनी सांगितलं काही नाही. तेव्हा मालक म्हणाले, "मग लावा, पण वरचं बिल तुम्ही द्या." योग्यच.

२६ डिसेंबर

टीमच्या पानावर आमच्या नावानं ७० च्या वर मशिनी दिसताहेत! आमच्याकडं सगळ्या मिळून पंधरासोळा. गुण मात्र वाढलेले नाहीत.

दुपारी क्लासमध्ये जाऊन बसले तेव्हा उलगडा झाला. पोरं वॉलपेपर बदलतात, गेम टाकतात, म्हणून सरांनी प्रत्येक मशीनवर एक सॉफ्टवेअर टाकलेलं आहे: रीस्टार्ट केलं की मशीन आदल्या स्थितीत जशीच्या तशी. आमचं बॉइंकही त्या गोठवलेल्या स्थितीतच बसलं. रोज सकाळी मशीनला काल काय केलं ते आठवत नाही, तिच्या लेखी आज पहिलाच दिवस. सर्व्हर म्हणतो, तुझा माझा हिशेब जुळत नाही, तू नवीन दिसतेस, आणि नवा नंबर देतो. ती नवी कामं उचलते, संध्याकाळपर्यंत काही सोडवते, काही अर्धी ठेवते, आणि रात्री सगळं विसरते.

गमतीची गोष्ट वाटते, पण नाही. उचललेली कामं दोन आठवड्यांच्या मुदतीपर्यंत आमच्या नावावर लटकून राहतात. तोवर त्यांचे जोडीदार, ज्यांनी आपापलं उत्तर कधीच देऊन ठेवलंय, ते "पेंडिंग"मध्ये. मी नोव्हेंबरात कुणाची तरी वाट बघत होते. आता आमच्या बारा मशिनींची शंभरेक लोक वाट बघताहेत.

सरांना वाईट वाटलं. गोठवणारं सॉफ्टवेअर काढणं त्यांना परवडणारं नाही, ते बरोबर आहे. त्यांच्या ऑफिसातलं एकच मशीन ठेवलं, बाकी अकरांवरून बॉइंक काढलं. लटकलेल्या कामांचं आम्हाला काही करता येत नाही, ती मुदतीनंतर दुसऱ्याला जातील.

१५ जानेवारी २०२४, संक्रांत

थंडी आहे. पोऱ्या सकाळी मशीनच्या मागच्या पंख्यापाशी हात शेकतो. गुणांचा हिशेब आज समजून घेतला: दिवसभर एक गिगाफ्लॉप (सेकंदाला शंभर कोटी आकडेमोडी) वेगानं चालणाऱ्या मशीनला २०० गुण, अशी मूळ मोजणी. एका गुणाला कॉबलस्टोन म्हणतात, सेटीच्या एका माणसाच्या आडनावावरून. आमच्या गॅमाच्या एका कामाला ठरलेले ६९३. गुणांचं पुढं काहीही होत नाही. दळण नाही, दूध नाही. तरी रोज सकाळी आधी तेच बघते.

८ मार्च, महाशिवरात्र

औंढ्याला गेलो. दर्शनाची रांग पार बाहेरपर्यंत. जाऊबाई सोबत होत्या. तीन तास उभं राहायचं म्हणल्यावर त्यांनी विचारलं, "तुमच्या दुकानात ते काय तारे शोधायलेत म्हणे?" चार महिन्यांत मला जे कळलंय ते पहिल्यांदाच कुणाला सांगितलं. सांगताना माझंच जास्त पक्कं झालं, म्हणून इथं लिहिते.

तारा मेला की कधीकधी त्याचा एक गोळा उरतो. वजन आपल्या सूर्याहून जास्त, आकार जेमतेम हिंगोली ते औंढा एवढा. तो गरगरा फिरतो, सेकंदाला दहादा, शंभरदा. आता भोवरा घ्या. भोवरा अगदी गोल गुळगुळीत असला तर फिरतोय की थांबलाय ते लांबून कळत नाही. पण त्याच्या अंगावर मातीचा एक कण चिकटलेला असला तर? त्या ताऱ्याच्या पाठीवर मिलिमीटरभराचाही उंचवटा असेल, तर फिरताना तो अवकाशालाच बारीकसा हेलकावा देत राहतो, न थांबता, एकाच सुरात. दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळतात तेव्हाची लहर मोठी असते पण क्षणात संपते. तसली पहिली १४ सप्टेंबर २०१५ ला सापडली. ही एकसुरी लहर मात्र अजून कुणालाच सापडलेली नाही. इतकी बारीक की महिनोन् महिन्यांची नोंद एकावर एक रचल्याशिवाय गोंगाटातून वर येणार नाही.

"मग रचा की," जाऊबाई म्हणाल्या.

अडचण तिथंच आहे. एसटी जवळ येताना हॉर्न चढा वाटतो, लांब जाताना उतरतो. पृथ्वी तर स्वतःभोवती फिरते आणि सूर्याभोवतीही, त्यामुळं त्या ताऱ्याचा सूर आपल्याला वर्षभर थोडा वर, थोडा खाली ऐकू येतो. किती वर-खाली, ते तारा आकाशात कुठल्या बाजूला आहे त्यावर अवलंबून. तारा कुठं आहे ते माहीत नाही, सूर कोणता ते माहीत नाही, तो हळूहळू किती मंदावतोय तेही नाही. म्हणून आकाशाचा एकेक ठिपका धरायचा, एकेक सूर धरायचा, आणि प्रत्येकासाठी सगळी नोंद परत जुळवून बघायची. एवढं गणित एका ठिकाणच्या कॉम्प्युटरला झेपत नाही, म्हणून घराघरांत वाटतात.

"म्हणजे गव्हातले खडे," त्या म्हणाल्या. "पोतं एवढं की गल्लीतल्या सगळ्या बायांनी सूप घेऊन बसायचं." मला चार महिन्यांत जे जमलं नव्हतं ते त्यांनी रांगेत उभ्या उभ्या केलं.

लायगोच्या जागेकडं काही गेलो नाही. अजून तिथं बघण्यासारखं यंत्र नाही. झालं की काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या असतील आणि त्यांतून लेझर फिरेल. प्रोटॉनच्या दहा हजाराव्या भागाहून कमी फरक मोजायचा. मंदिरातून निघताना वाटलं, ज्यांनी या गोंगाटातून सूर ओळखायचं गणित रचलं त्यांत आपलेही आहेत. पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेत संजीव धुरंधर यांनी लहर सापडायच्या पंचवीसेक वर्षं आधीपासून हेच केलं. तेव्हा लायगोचं यंत्रही नव्हतं.

२१ मार्च

सकाळी सहा वाजून आठ मिनिटांनी भूकंप. ४.५ चा. मी दारात सडा टाकत होते. आधी ट्रक गेल्यासारखा आवाज, मग पायाखाली थरथर. दुकानाचं शटर वाजलं. अकरा मिनिटांनी परत एक, लहान. आखाडा बाळापूरच्या बाजूला केंद्र होतं म्हणतात. नांदेडलाही जाणवला, दादाचा लगेच फोन. सगळी गल्ली रस्त्यावर. वयस्कर माणसांच्या तोंडी एकच शब्द: किल्लारी. १९९३ ला मी शाळेत होते. विसर्जनानंतरची ती पहाट, आणि मग कितीतरी रात्री आम्ही अंगणात झोपलो होतो.

दुकानात काही पडलं नाही, कोपऱ्यातला गिलावा तेवढा सांडला. मशीन रात्रीचं बंद होतं, वरून धूळ झटकली आणि दहाला चालू केलं.

दिवसभर गिऱ्हाईक एकच विचारत होतं: इथं जमीन हलते, मग ते नाजूक यंत्र इथंच कामून? मला विचारतात, जसं काय जागा मीच निवडलीय. मला जेवढं माहीत आहे तेवढं सांगितलं. अमेरिकेतल्या दोन लायगोंना जगात कुठंही मोठा भूकंप झाला तरी धक्का लागतो. लेझरचा ताळमेळ सुटतो, काही वेळानं परत बसवतात, आणि मधली नोंद वापरत नाहीत. चाळीस किलोचे आरसे चारपदरी लोलकावर टांगलेले असतात ते उगाच नाही. अधूनमधून येणाऱ्या हादऱ्यापेक्षा रोजच्या रोज चालणारी कुजबुज जास्त नडते: रेल्वे, कारखाने, समुद्राच्या लाटा. लाटांची थरथर जमिनीतून कितीतरी आत येते. आपण समुद्रापासून लांब आहोत ही इथली जमेची बाजू. एक म्हातारे बाबा ऐकून म्हणाले, "म्हणजे आपल्या इथं काहीच होत नाही, म्हणून दिलं." हे कौतुक होतं का काय ते कळलं नाही.

२४ एप्रिल

परवा, शुक्रवारी मतदान. महिनाभर वहीला हात लागला नाही. पत्रकाच्या तळाशी मुद्रक-प्रकाशकाचं नाव आणि प्रतींची संख्या घातल्याशिवाय काहीही छापायचं नाही, हे प्रत्येक कार्यकर्त्याला नव्यानं सांगावं लागतं. बॉइंक बहुतेक दिवस पॉझ. आठ कामांची मुदत गेली. मुदत जवळ आली की कामं परत करायचं बटण आहे, ते दाबायला हवं होतं. जोडीदाराला ताटकळत ठेवण्यापेक्षा ते बरं.

१२ मे

४२ अंश. दुकानात कूलर चालू तरी प्रोसेसर ८८ वर. मशीन उघडलं तर पंख्यात धुळीची गादी. ब्लोअर मारला, जुनी पेस्ट खरवडून नवी लावली, ७६ वर आलं. तरीही थांबवलं. मशीन जितकी उष्णता टाकणार तितकी कूलरनं बाहेर काढायची, म्हणजे एकाच वॉटचे पैसे दोनदा.

दादा म्हणाला, माझ्याकडं लावू, माझ्या गच्चीवर सोलर आहे, दुपारची वीज फुकट. यावर भाचा आणि दादा यांची फोनवर चांगलीच जुंपली. भाच्याचं म्हणणं, मामा, ती फुकट नाही. दुपारी वापरली नाही तर ती मीटरमधून बाहेर जाते आणि बिलात वजा होते. म्हणजे वापरलेलं प्रत्येक युनिट तुम्ही स्वतःच्या वजावटीतून देताय. दादा म्हणाला, बरोबर आहे, पण दगडी कोळशाची नाही ना. इथं दोघंही बरोबर होते.

मग भाच्यानं खरा बॉम्ब टाकला. त्याच्या पुण्यातल्या मशीनवर ग्राफिक्स कार्ड आहे, त्यावर दक्षिण आफ्रिकेतल्या मीरकॅट दुर्बिणीच्या नोंदी चालतात. त्यानंही वॉटमीटर घेतलं (या घराण्याला आता तो आजारच झालाय). हिशेब असा: एका युनिटमागे त्याचे गुण माझ्या मशीनच्या वीसपट. कामं वेगळी आहेत, त्यामुळं तुलना तंतोतंत नाही, पण वीसपट म्हणजे वीसपट. "मावशी, तुझ्या मशीननं वर्षभर केलेलं काम माझं कार्ड पंधरवड्यात करतं."

मला राग आला आणि तो खरं बोलतोय म्हणून जास्तच आला. मग आम्ही चाललोय कशाला? सरळ त्याच्या बिलात पैसे टाकावेत की. रात्री अहोंना विचारलं. ते म्हणाले, भजनात आवाज सगळ्यांचा सारखा नसतो. मला हे उत्तर पटलं नाही. भजन ऐकायला असतं, गणित सोडवायला.

१९ मे

आठवडाभर डोक्यात तेच. दादाशी बोलले. त्यानं २०१० ची एक गोष्ट शोधून पाठवली. आइन्स्टाइन ॲट होमला पहिला नवा पल्सार तेव्हा मिळाला. अरेसिबोची २००७ ची नोंद, तारा सेकंदाला एक्केचाळीसदा फिरणारा. ज्या दोन मशिनींची उत्तरं जुळली त्यातली एक अमेरिकेत आयोवा राज्यातल्या एका जोडप्याच्या घरची, दुसरी जर्मनीत माइन्झ गावच्या एकाची. दोघांना एकमेकांचा पत्ता नाही. पोत्यात तो खडा कुणाच्या सुपात येईल ते कुठलं सूप मोठं यावर नव्हतं. मोठ्या सुपाला शक्यता जास्त, हे मात्र आहेच. त्यामुळं भाच्याचा हिशेब खोटा ठरत नाही.

ठरलं ते असं. माझं मशीन जून ते फेब्रुवारी, दिवसा, दोन कोअर, एरवी चालू असेल तेव्हाच. त्यासाठी म्हणून एक तासही जास्त चालू ठेवायचं नाही. उन्हाळ्यात बंद. दादाचं फक्त उन्हात, सकाळी नऊ ते अकरा, पुढं त्यालाच घाम फुटतो. सरांचं एक मशीन, त्यांचा दरवाजा उघडा असेल तोवर. भाच्याचं कार्ड थंडीत रात्रभर, आणि त्या चार महिन्यांच्या जादा बिलाचे आम्ही तिघं वाटून पैसे देणार. वर्गणी म्हणून. तो आधी नको म्हणाला. अक्का म्हणाली, घे, गणपतीला घेतोसच ना.

९ जून

पहिला पाऊस, दुपारी चारदा लाइट गेली. यूपीएस पाच मिनिटं तग धरतो, तेवढ्यात मी कोरलची फाइल सेव्ह करायची की बॉइंक थांबवायचं? फाइल. बॉइंक स्वतःच मिनिटा-दोन मिनिटांनी कुठवर आलं ते डिस्कवर टिपून ठेवतं, लाइट आली की तिथून उचलतं. एवढी अक्कल कोरलला असती तर माझी अर्धी लग्नसराई सुखात गेली असती.

अक्काच्या लॅपटॉपला आता सात महिने होत आले. ती आकडे बघत नाही, टीमचं पानही उघडत नाही. फुफ्फुस, अंडाशय आणि सार्कोमा, या कॅन्सरच्या खुणा शोधताहेत एवढंच तिला माहीत आहे. चार्जरला लावून देवघरापाशी ठेवते आणि संध्याकाळी बंद करते.

१० जुलै

सकाळी सव्वासातला परत भूकंप. परत ४.५, परत कळमनुरीच्याच बाजूला. या वेळी जरा जास्त वेळ हललं. भांडी वाजली. जाऊबाईंनी पहिला फोन मला केला, "तुमच्या लहरी का ह्या?" नाही म्हणलं, ह्या आपल्या घरच्या.

दहाला दुकान उघडलं. शटर वर सरकायला जड गेलं, रुळात खडी पडली होती. मशीन सुरू केलं. काल नऊला ४७ टक्क्यांवर सोडलं होतं, ४६.८ पासून पुढं चालू झालं. दुसरं काम पूर्ण होऊन पेंडिंगमध्ये आहे, जोडीदाराची मुदत शनिवारपर्यंत. फॅनचा आवाज खरखरतोय, बेअरिंग गेलेलं दिसतंय; नांदेडला दादाला सांगून नवा मागवायचा, १२० मिमी. बारशाच्या पत्रिकेचं प्रूफ घ्यायला साडेदहाला माणूस येणार आहे.